जर्मनीतील नवे बिऱ्हाड

जर्मनीत बिऱ्हाड थाटणाऱ्यास त्या देशाचा पहिला परिचय घडतो तो दफ्तरखान्यात. कारण नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या मुदतीत, घरमालकाचा दाखला जोडून, रहिवासाची नोंद करणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. ती झाली म्हणजे कराचा क्रमांक टपालाने घरपोच येतो, मात्र टपालपेटीवर आपले नाव ठळक चिकटविलेले हवे.

रविवारी बहुतेक दुकाने बंद. या सक्तीच्या विश्रांतीस १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील कलमाचा आधार असून तेच कलम विद्यमान घटनेनेही जतन केले आहे. शनिवारी दूध आणावयाचे राहिले, तर मोठ्या रेल्वेस्थानकातील दुकानांचाच काय तो आसरा!

परंतु मला सर्वाधिक भावली ती बाटल्यांवरील अनामत. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीमागे २५ सेंट आणि बिअरच्या, पुन्हा भरल्या जाणाऱ्या काचेच्या बाटलीमागे बहुधा अवघे ८ सेंट आगाऊ घेतले जातात, व रिकामी बाटली दुकानातील यंत्राच्या स्वाधीन करताच त्या रकमेची पावती हाती पडते. यंत्र बाटलीवरील चिन्ह वाचते, म्हणून ती चेपू नये. आणि पैशांचा मोह नसेल तर गरजूंसाठी ती कचरापेटीशेजारी ठेवावी, असा तेथील प्रघात आहे.