अक्कल आणि काळीज

घरात मय्यत झालेली असते. अंगणात खुर्च्या मांडल्या जातात, कुणी कफनाचे कापड आणायला धावते, कुणी कब्रस्तानात निरोप पाठवते. या गडबडीत दहा-बारा वर्षांचा एक मुलगा भिंतीला टेकून हुंदके देत असतो. त्याचे दादा गेलेले असतात. बोट धरून ज्यांनी त्याला पहिल्यांदा मशिदीत नेले, ते दादा. तेवढ्यात कुणी वडीलधारे येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "मर्द आहेस ना तू? मुलींसारखा रडतोस काय? सब्र कर." मुलगा बाहीने नाक पुसतो आणि गप्प होतो.

असे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या एका वाक्यातून मुलगा शिकतो की रडणे म्हणजे दुबळेपणा, ते बायकांचे काम, आणि सब्र म्हणजे आतले आतच दाबून टाकणे. हाच मुलगा पुढे कुणाचा तरी नवरा होतो, बाप होतो. दुःख दाखवण्याची सवय मोडलेली असते, म्हणून ते रागाच्या वाटेने बाहेर पडते. राग मात्र आपल्याकडे मर्दानगीत बसतो. ताट भिरकावणाऱ्या पुरुषाला 'जरा तापट आहे' एवढेच म्हटले जाते. त्याच पुरुषाच्या डोळ्यांत पाणी आले तर लोक नजर चुकवतात.

सब्र हा शब्द दीनमधून घेतला आहे, तर त्याचा अर्थही तिथेच पाहू या.

मदीनेत अबू सैफ नावाचे एक लोहार होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे पुत्र इब्राहीम यांना अबू सैफ यांच्या पत्नीकडे दूध पाजण्यासाठी ठेवले होते. हजरत अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) बाळाला पाहायला तिथे जात, तेव्हा भात्यामुळे घर धुराने भरलेले असे. एकदा अनस (रजि.) पुढे धावत गेले आणि त्यांनी अबू सैफ यांना सांगितले की जरा थांबा, प्रेषित (स.) येत आहेत. मग प्रेषित (स.) बाळाला जवळ घेत, त्याचा मुका घेत, वास घेत. अरबस्तानचे नेतृत्व ज्यांच्या हाती होते, ते लोहाराच्या धुराने कोंदलेल्या घरी आपल्या तान्ह्याच्या अंगाचा वास घ्यायला जात होते.

इब्राहीम दीड वर्षाच्या आसपासचे असताना आजारी पडले. शेवटच्या घटकेला प्रेषित (स.) यांनी त्यांना जवळ घेतले आणि त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) शेजारी होते. त्यांनी आश्चर्याने विचारले की अल्लाहचे प्रेषितही रडतात? त्यावर प्रेषित (स.) यांनी या अश्रूंना दया म्हटले, रहमत म्हटले. पुढे सांगितले की डोळे पाझरतात, हृदय दुःखी होते, पण तोंडातून आम्ही तेच काढतो जे आमच्या रबला पसंत आहे.

येथे सब्रची रेघ कुठे ओढली गेली ते नीट पाहावे. ती डोळ्यांवर नाही आणि काळजावरही नाही, ती जिभेवर आहे. गाल बडवून घेणे, कपडे फाडणे, अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध ओरडणे यांना मनाई झाली. अश्रूंना मनाई झाली नाही. आपण मात्र त्या मुलाच्या डोळ्यांवरच पहारा बसवतो.

त्याच दिवशी आणखी एक घटना घडली. सूर्याला ग्रहण लागले. खगोलशास्त्राच्या गणिताने ती तारीख २७ जानेवारी ६३२ अशी येते. लोक म्हणू लागले की इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला. बोलणारे वैरी नव्हते, प्रेम करणारे होते. दुःखात बुडालेल्या बापाला हे ऐकून बरे वाटले असते. माझ्या लेकरासाठी आभाळसुद्धा रडले, असे कुणाला आवडणार नाही? प्रेषित (स.) काही बोललेही नसते तरी चालले असते. पण त्यांनी लांब नमाज पढवली आणि नंतर उभे राहून स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही.

बापाचे डोळे अजून ओले असतील. त्याच तोंडाने अंधश्रद्धेला जागच्या जागी नकार दिला गेला. ज्यांना वाटते की काळीज मऊ झाले की बुद्धी सुटते, त्यांनी हा एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर आणावा. त्या दिवशी भावना आणि विवेक एकाच माणसात, एकाच वेळी, पूर्ण ताकदीने हजर होते.

त्यानंतर काही महिन्यांतच स्वतः प्रेषित (स.) यांचे निधन झाले. त्या दिवशी मदीनेत जे घडले ते पुष्कळांना माहीत असते, पण त्यातला एक बारकावा निसटतो. हजरत उमर (रजि.) यांच्यासारखा खंबीर माणूस बातमी मानायला तयार नव्हता. ते म्हणत होते की प्रेषित (स.) वारलेले नाहीत, हजरत मूसा (अलै.) आपल्या रबकडे गेले होते तसे गेले आहेत, परत येतील. यात त्यांचे प्रेम दिसते, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. तेवढ्यात हजरत अबू बकर (रजि.) मदीनेबाहेरच्या वस्तीतून घोड्यावर आले. कुणाशी न बोलता ते आपली लेक हजरत आयेशा (रजि.) यांच्या खोलीत गेले. चेहऱ्यावरची चादर बाजूला केली, वाकून चुंबन घेतले आणि रडले. मग बाहेर आले आणि सूरह आले इमरानची १४४ वी आयत पढली, जिच्यात मुहम्मद (स.) हे एक प्रेषितच आहेत आणि त्यांच्या आधीही प्रेषित होऊन गेले, असे सांगितले आहे. हजरत उमर (रजि.) नंतर सांगत की ती आयत ऐकली आणि माझे पाय मला पेलेनात, मी खाली कोसळलो.

आता बारकावा. अबू बकर (रजि.) हे सहाबांमध्ये हळव्या मनाचे म्हणून प्रसिद्ध होते. मक्केत ते अंगणात कुरआन पढत तेव्हा त्यांना रडू आवरत नसे, आणि ते पाहायला कुरैशच्या बायका-मुले गोळा होत. प्रेषित (स.) यांच्या अखेरच्या आजारात त्यांना नमाज पढवायला सांगितले, तेव्हा आयेशा (रजि.) यांनीच शंका काढली की अब्बा मऊ मनाचे आहेत, रडण्यामुळे लोकांना त्यांचा आवाजच ऐकू जाणार नाही. नेमका हाच रडका म्हणावा असा माणूस सर्वांत कठीण घटकेला ताठ उभा राहिला. पुढे जकात नाकारणाऱ्या टोळ्यांचा प्रश्न आला, तेव्हाही आधी उमर (रजि.) यांना शंका होती आणि अबू बकर (रजि.) ठाम होते.

मला वाटते, ते आधी आत जाऊन रडले म्हणूनच बाहेर येऊन बोलू शकले. दुःखाला त्यांनी दार उघडून दिले आणि मग ते दार लावून घेता आले.

कुरआननेही अक्कल आणि काळीज यांची वाटणी आपल्यासारखी केलेली नाही. सूरह हजच्या ४६ व्या आयतीत समजून घेण्याचे काम हृदयाकडे दिले आहे, आणि आंधळे होते ते छातीतले हृदय, असे म्हटले आहे. आपल्या मराठीतला 'अक्कल' हा शब्द अरबी 'अक्ल'वरून आला. त्याच धातूपासून 'इकाल' होतो, म्हणजे उंटाचा गुडघा बांधायची दोरी. दोरी उंट पळून जाऊ नये म्हणून असते. उंटच नसेल तर दोरी कुणाला बांधायची? इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी दुसरी उपमा वापरली. त्यांच्या मते विवेक हा शिकारीला निघालेला स्वार, वासना त्याचा घोडा आणि राग त्याचा कुत्रा. घोडा बेलगाम झाला किंवा कुत्रा पिसाळला तर शिकारीचाच जीव जाईल. पण दोघांना मारून टाकले तर शिकार होणार नाही. अन्याय पाहूनही ज्याला राग येत नाही, त्याच्यात गझाली यांना काहीतरी कमीच दिसते.

आधुनिक मेंदूविज्ञानाचाही यात एक साक्षीदार आहे. अँटोनियो दमासिओ यांनी १९९४ साली आलेल्या आपल्या पुस्तकात अशा रुग्णांची हकीकत दिली आहे, ज्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली होती. हुशारी शाबूत, स्मरण शाबूत, फक्त भावना बोथट झालेल्या. अशा एका रुग्णाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखांपैकी एक निवडायला सांगितली, तर तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही बाजूंची कारणे मांडत बसला. शेवटी डॉक्टरांनीच एक तारीख सांगितली आणि तो शांतपणे 'ठीक आहे' म्हणून गेला. त्याच्याजवळ तर्काची कमतरता नव्हती. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचे, हे सांगणारे आत कुणी उरले नव्हते.

आता रागाकडे येऊ, कारण घरे मोडतात ती त्याच्यामुळे. कुणी एकाने प्रेषित (स.) यांच्याकडे उपदेश मागितला तेव्हा रागावू नकोस, हेच त्याला पुन्हा पुन्हा सांगितले गेले. राग आल्यावर उभा असेल त्याने बसावे, तरीही शमला नाही तर आडवे व्हावे, असा अगदी अंगाचा उपाय सांगितला गेला. न्यायाधीशाने रागात असताना निकाल देऊ नये, हाही हुकूम आहे. घरातला कर्ता पुरुष दिवसातून दहा निकाल देतो, त्याला हा हुकूम कधी कुणी ऐकवत नाही.

हजरत खौला बिन्त सालबा (रजि.) यांची हकीकत या संदर्भात प्रत्येक घरात वाचली जावी. त्यांचे पती औस बिन सामित (रजि.) वयस्क होते, स्वभाव चिडखोर झाला होता. एकदा भांडणात ते बोलून गेले की तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी. इस्लामपूर्व अरबांत हे शब्द उच्चारले की संबंध संपला. त्याला जिहार म्हणत (पहिले अक्षर 'ज' नुक्त्याचे, जिहादशी याचा संबंध नाही). राग उतरल्यावर औस (रजि.) पस्तावले आणि पूर्वीसारखे जवळ येऊ लागले. खौला (रजि.) यांनी ठाम नकार दिला. म्हणाल्या, आधी अल्लाह आणि त्याचे प्रेषित (स.) यांचा निर्णय होऊ दे.

त्या प्रेषित (स.) यांच्याकडे गेल्या आणि वाद घालू लागल्या. या माणसाला मी तारुण्य दिले, मुले दिली, आणि आता म्हातारपणी एका वाक्याने मी उघड्यावर पडू? त्या रडत होत्या, तक्रार करत होत्या आणि मुद्देही मांडत होत्या. आयेशा (रजि.) त्याच घरात कोपऱ्यात होत्या; त्या सांगतात की काही शब्द मलाही ऐकू आले नाहीत, पण अल्लाहने ते ऐकले. सूरह मुजादला उतरली. पहिल्याच आयतीत अल्लाह सांगतो की आपल्या पतीविषयी वाद घालणाऱ्या त्या स्त्रीचे म्हणणे त्याने ऐकले आहे. 'फार भावनिक होऊन बोलतेस' म्हणून आपल्याकडे किती बायकांना गप्प बसवले जाते!

निर्णय असा झाला की त्या शब्दाने बायको आई होत नाही, ते बोलणे खोटे आणि वाईट आहे. पण बोलणाऱ्याची सुटकाही नाही. एक गुलाम मुक्त करावा. नाही जमले तर सलग दोन महिने रोजे. तेही झेपत नसेल तर साठ गरिबांना जेवण. क्षणात तोंडातून गेलेल्या एका वाक्याचे साठ दिवस. उपाशीपोटी विचार करायला एवढा वेळ पुरेसा असतो.

पुढचा भाग मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटतो. प्रेषित (स.) यांनी प्रायश्चित्त सांगितले, तेव्हा नवऱ्याची बाजू खौला (रजि.) यांनीच मांडली. गुलाम त्यांच्याकडे नाही, वय झाले आहे, रोजे झेपणार नाहीत, खायला घालायलाही काही नाही. प्रेषित (स.) यांनी खजुरांची मदत देऊ केली आणि खौला (रजि.) म्हणाल्या की थोड्या मीही घालते. नकार देताना विवेक होता, तक्रार करताना वेदना होती आणि शेवटी करुणा आली. पण क्रम त्यांनी चुकवला नाही. आधी हक्काचा निर्णय घेतला, मग माया केली. आपण बायकांना उलटे सांगतो, आधी माफ कर, निर्णयाचे नंतर बघू.

मय्यतीच्या घरातल्या त्या मुलाशी आता काय बोलावे? मला वाटते, त्याला जवळ घेऊन इब्राहीम (रजि.) यांची गोष्ट सांगावी, अबू सैफ यांच्या घरातल्या धुरासकट. मग त्याला सांगावे की वझू कर, आपण दादांची नमाजे जनाजा एकत्र पढू. सफमध्ये आपल्या शेजारी उभे करावे. प्रेषित (स.) नमाज लांब पढवायचे ठरवून उभे राहत आणि एखाद्या बाळाचे रडणे कानी आले की आईच्या जिवाची घालमेल ओळखून ती आटोपती घेत. या मुलालाही तिथे उभ्या-उभ्या पुन्हा रडू आले, तर येऊ द्यावे.