दारू सुटली, पण डबा सुटेना!

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. बेसनाच्या लाडवांचा डबा आमच्या घरी रोज रात्री थोडाथोडा रिकामा होऊ लागला. आईने पहिला आळ घेतला तो मांजरावर. “मांजरच असंल बघ,” ती म्हणाली. त्यावर आमच्या सौभाग्यवतींनी शांतपणे उत्तर दिले, “मांजर जाताना झाकण लावून जात नाही, आई.”

वाचकहो, ते मांजर म्हणजे प्रस्तुत लेखक. परभणीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवणारा, चाळिशी ओलांडलेला गृहस्थ. दिवसा वर्गात संतांचे अभंग समजावून सांगायचे आणि दिवेलागणीला पेला भरायचा, असा क्रम मी दहा-बारा वर्षे चालवला. त्या वर्षी श्रावणात दारू सोडली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडली, हे मुद्दाम सांगतो. कारण रोज भरपूर पिणाऱ्याने ती एकाएकी, आपल्याच मनाने बंद केली तर झटके येऊन जिवावर बेतू शकते.

हातांची थरथर आठवड्याभरात थांबली. झोपही हळूहळू येऊ लागली. पण एक नवीनच भूत मानगुटीवर बसले. संध्याकाळचे साडेसहा वाजले, म्हणजे माझी जुनी वेळ झाली, की जीव गोडासाठी कासावीस होई. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात श्रीखंडाची दुसरी वाटी मागितली नाही, तो पावशेर जिलबी स्कूटरवर बसूनच संपवू लागला. आणि पेढ्यांचे पुडे मी कुठे दडवीत होतो म्हणता? कपाटातल्या जाडजूड शब्दकोशामागे. पूर्वी बाटली असे, त्याच जागी!

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “यात आश्चर्य काही नाही.” मग त्यांनी हिशेबच मांडला. व्हिस्की-रममध्ये साखर जवळजवळ नसते. पण एक ग्रॅम साखरेत ४ उष्मांक, तर एक ग्रॅम मद्यार्कात ७. रोज एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर पिणाऱ्याला त्यातून ४०० च्या वर उष्मांक मिळतात. ते एकदम बंद झाले की शरीर मागणी करणारच. त्यातून पिणाऱ्याचे जेवण धड नसते. यकृत दारूचा निचरा करण्यात गुंतले की नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. उपाशीपोटी पिणाऱ्याची रक्तातली साखर त्यामुळे उतरते. तिसरी गोष्ट मेंदूची. सुखाची जाणीव जागवणारे डोपामिन नावाचे द्रव्य दारूने उसळते, तसेच थोड्या प्रमाणात गोडानेही. एक दार बंद झाले की मेंदू शेजारचे ठोठावतो.

हे ऐकताना मला आमचा गोदाकाठ आठवला. गंगाखेडकडे जाताना उसाचे फड लागतात. त्याच उसाच्या रसाची साखर होते आणि उरलेल्या मळीपासून मद्यार्क काढतात. एकाच आईची दोन लेकरे! धाकट्याला घराबाहेर काढले, तर मी थोरल्याच्या गळ्यात पडलो होतो, एवढेच.

आणि गळ्यात पडणारा मी पहिला नव्हे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन या गावी सुरू झाली. बिल विल्सन हे शेअर दलालीच्या धंद्यातले गृहस्थ आणि बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, असे दोन पिणारे एकमेकांच्या आधाराने सावरले. डॉक्टरसाहेबांच्या शेवटच्या घसरणीनंतर विल्सननी त्यांना आंबवलेला कोबी, टोमॅटो आणि मक्याचा गोड पाक चारला म्हणतात! १९३९ साली या मंडळींनी काढलेल्या पुस्तकातही, थकव्याच्या वेळेसाठी चॉकलेट जवळ बाळगावे, असा एका डॉक्टरांचा सल्ला नोंदवलेला आहे.

एवढे कळूनही मी गोड चोरूनच खात होतो. त्या दिवाळीत पाडव्याच्या रात्री स्वयंपाकघरात अंधारात उभा राहून डब्याचे झाकण काढले. हातातून निसटून ते फरशीवर खणकन वाजले. मागे वळलो तो दारात आमची कन्या उभी. वय वर्षे चौदा. अंधारात माझ्या हातात काय आहे ते तिला दिसत नव्हते. ती हलक्या आवाजात एवढेच म्हणाली, “बाबा, परत सुरू झालं का?”

मी दिवा लावला. हातातला लाडू तिच्यापुढे धरला. ती आधी रडली, मग हसली. माझे मात्र हसू आटले होते. लाडू खाणे हा गुन्हा नव्हता. पण तो दडवून खाण्याने मी त्या पोरीला पुन्हा जुन्या रात्रींत नेऊन उभे केले होते. दारू सुटली होती, लपवाछपवी सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. सकाळीच सर्वांसमक्ष सगळे सांगून टाकले. शब्दकोशामागचे पुडे आणून टेबलावर ठेवले. सौभाग्यवतींनी ना आदळआपट केली, ना डब्याला कुलूप घातले. उलट डबा फळीवरून काढून मध्यभागी ठेवला. म्हणाल्या, “अहो, हवा तेव्हा खा, पण उजेडात खा.”

बाकीचे उपाय साधेच होते. कॉलेजातून आल्यावर साडेपाचला पोटभर खाणे: कधी धपाटे-दही, कधी सुशीला, कधी फुटाणे-शेंगदाणे. पोट रिकामे ठेवून साडेसहाची गाठ घ्यायची नाही, हा नियम. मग मुलीला घेऊन चालायला जाणे. पहिले काही महिने गोडाला फारसा अटकाव केला नाही. रक्तातली साखर तेवढी तपासून घेतली. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याविना ही मोकळीक घेऊ नये. पुढे चहातली साखर एकेक चमचा उतरवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेला एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांची मर्यादा सांगितली, म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. तिथवर यायला मला वर्ष लागले.

आपल्या घरात, नात्यात असा कुणी नुकताच सावरलेला असेल, तर या दिवाळीत त्याने तिसरा लाडू उचलल्यावर “एक व्यसन गेलं, दुसरं आलं” म्हणून हसू नका. तो लाडू त्याची काठी आहे. पाय भरवशाचे झाले की काठी तो आपणच ठेवून देईल. तोवर डबा समोर असू द्या, आणि दिवा लावलेला.

यंदा आई कुरकुरते आहे. “बेसन कच्चं राह्यलं का गं सूनबाई? डब्याला कुणी हातच लावीना!”