पहिला धडा पडण्याचा

जिम्नॅस्टिक्स म्हणजे अवघड उड्या, असा अनेक पालकांचा समज असतो. वस्तुतः या खेळाचा प्रारंभ होतो तो इजा न होता पडायला शिकण्यापासून. सहा-सात वर्षांच्या मुलाला प्रथम जाड गादीवर लोळणे, कोलांटी मारणे, तोल सांभाळणे आणि गुडघे वाकवून जमिनीवर उतरणे शिकवावे. अंग ताणताना वेदना झाल्यास तत्काळ थांबावे. स्पर्धेचा विचार पुढे, मुलाच्या इच्छेने आणि प्रशिक्षित मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच करावा. घाईचे कारण नाही. ऑलिंपिकमध्येही मुलींना वयाची १६ वर्षे पूर्ण होण्याच्या वर्षापूर्वी प्रवेश नसतो.

आगरतळ्याच्या दीपा कर्माकरचे तळपाय सपाट होते. या खेळात ही मोठी अडचण मानली जाते. तरीही वयाच्या सहाव्या वर्षी सुरुवात करून, बिश्वेश्वर नंदी यांच्या मार्गदर्शनाखाली ती २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पोहोचली आणि व्हॉल्ट प्रकारात चौथी आली. ऑलिंपिक गाठणारी ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. तेव्हा ती २३ वर्षांची होती. म्हणून पालकहो, शरीराची ठेवण पाहून मुलाला नाकारू नका आणि पदकासाठी त्याचे बालपणही हिरावू नका.