एकांत आणि मुरगळलेला पाय

पाय मुरगळणं हे काही कौतुकानं सांगावं असं दुखणं नाही. शहरात असताना माझा दोनदा मुरगळला होता. दोन दिवस लंगडले आणि विसरूनही गेले. पण पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, ऐन आषाढात, घरात एकटीच असताना तोच पाय पुन्हा मुरगळला आणि गोष्ट वेगळी झाली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी हौसेनं इथं राहायला आले. नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. सावळघाट, कोटंबीचा घाट ओलांडला की हवाच बदलते. मुलीचा विरोध होता. ‘आई, तिथं तुला काही झालं तर?’ या प्रश्नाला माझं ठरलेलं उत्तर असे, ‘मला कुणाची गरज लागत नाही.’

त्या दिवशी पाण्याचा हंडा घेऊन पडवीची पायरी चढत होते. पायरीवर शेवाळ धरलं होतं. हंडा एकीकडे, मी एकीकडे! घोटा पाहता पाहता लिंबाएवढा सुजला. हाका मारल्या, पण ऐकणार कोण? भाताची, नागलीची आवणी सुरू झाली की पाडा सकाळीच रिकामा होतो. फोनला रेंज नाही. पत्र्यावर पावसाचा असा मारा, की माझा आवाज मलाच ऐकू येईना. सरपटत आत गेले, पाय उशांवर उंच ठेवला आणि ओल्या फडक्याच्या गार घड्या घालत पडून राहिले. दुखण्याची भीती नव्हती. आपण पडलोय हे कुणाला कळणारच नाही, याची होती.

दिवेलागण झाली आणि शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. ‘बाई, तुमच्या पडवीत दिवा नाही लागला,’ एवढंच म्हणाली. माझ्या दिव्याकडे कुणाचं लक्ष असतं, हे दोन वर्षांत मला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीपमधून पेठला गेले. डॉक्टरांनी घोट्याची हाडं दाबून पाहिली, चार पावलं चालायला लावलं. ही कसोटी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली. तिच्यामुळे विनाकारण एक्स-रे काढणं टळतं. चार पावलंही टाकता आली नाहीत किंवा हाडावर दाबून दुखलं, तर मात्र एक्स-रे हवाच. माझं हाड शाबूत होतं. पहिले दोन-तीन दिवस शेकायचं नाही, चोळायचं नाही. क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधायचं, पण आवळायचं नाही. दुखणं ओसरू लागलं की घोटा हळूहळू हलवायचा. पथ्य एवढंच.

अवघड गेलं ते दुसरंच. आवणीच्या दिवसांत इथल्या बाईला पाठ टेकायला फुरसत नसते. तरी शेजारीण रोज माझा हंडा भरून जाई, फडक्यात नागलीची भाकरी ठेवून जाई. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. पण तीच भाकरी दुसऱ्याच्या हातून घेताना माझी मान खाली जात होती. आयुष्यभर द्यायचीच सवय. घ्यायलाही शिकावं लागतं, हे साठी उलटल्यावर कळलं.

मुलीला मात्र काही कळवलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात काठी टेकत रेंज मिळते त्या टेकाडावर गेले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ‘परत ये’ म्हणेल. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘त्या मावशींचा नंबर दे मला.’

आता पायरी खरवडून स्वच्छ केली आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेल्या रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक दाराशेजारी भिंतीवर लिहिला आहे. कुठं बाहेर जायचं असलं की शेजारी सांगून जाते. आणि पडवीत पितळी घंटा टांगली आहे. अजून ती वाजवायची वेळ आलेली नाही. पण तिची दोरी जमिनीला टेकेल इतकी लांब ठेवली आहे.