सोनेरी भेकाचा अखेरचा हंगाम

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात, मॉन्टेव्हर्डे येथील डोंगरमाथ्यावरच्या मेघवनात, म्हणजे ढगांच्या ओलाव्यावर पोसलेल्या अरण्यात, सोनेरी भेक अवघ्या काही चौरस किलोमीटरांत वस्तीला होता. भेक म्हणजे बुफोनिडी कुळातील, बहुधा खरखरीत त्वचेचे बेडूक. या प्रजातीचा नर मात्र तकतकीत नारिंगी होता, आणि जीवशास्त्रज्ञ जे सॅव्हेज यांनी १९६६ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. वर्षातील मोजके दिवस हे भेक झाडांच्या मुळांशी साचलेल्या डबक्यांवर विणीसाठी जमत आणि एरवी जमिनीखाली दडून राहत.

जीवशास्त्रज्ञ मार्था क्रम्प यांनी १९८७ मध्ये मोजणी केली तेव्हा दीड हजारांहून अधिक भेक दिसले, परंतु पाऊस ओढला, डबकी आटली आणि अंड्यांपैकी बहुतेक सारी वाया गेली. १९८८ मध्ये जेमतेम दहा भेक आढळले, १५ मे १९८९ रोजी एकुलता एक नर दिसला, आणि २००४ मध्ये प्रजाती नामशेष घोषित झाली. एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी तापल्याने, पडलेला कोरडेपणा हे एक कारण मानले जाते. दुसरे कारण काइट्रिड बुरशी, जी बेडकाच्या त्वचेतून होणारी पाण्याची व क्षारांची देवाणघेवाण बिघडवते. तिचे वर्णनच १९९९ मध्ये झाले, म्हणून त्या वेळी ती ओळखताच आली नाही. त्याहून मोठी अडचण अशी की १९८७ पूर्वीची पुरेशी दीर्घकालीन मोजणी हाती नसल्याने, हा नेहमीचा चढउतार आहे की अखेर, हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नाही.

सह्याद्रीतही अशाच चिमूटभर जागेत राहणाऱ्या प्रजाती आहेत. कोयना परिसरातील भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ मध्ये केले. आंबोलीच्या, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे असलेल्या भेकाची नोंद २००९ मध्ये झाली आणि आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो.

याउलट बुलडाणा जिल्ह्यात, घाटावर काय नि घाटाखाली काय, प्रामुख्याने सर्वदूर पसरलेला सामान्य भेक आढळतो. पाऊस लांबला की वऱ्हाडात पावसाची आळवणी म्हणून बेडूक बांधून धोंडी काढली जाते, म्हणजे पावसाशी बेडकाचे नाते येथे लोकांना ठाऊक आहे. परंतु हा भेक दरवर्षी किती संख्येने येतो, याची नोंद ठेवण्याची परंपरा मात्र रुजलेली नाही. मुबलक आहे म्हणून मोजायचे नाही, ही समजूत घातक आहे, कारण मॉन्टेव्हर्डेचा भेकही १९८७ मध्ये मुबलकच होता. जिल्ह्यातील ज्ञानगंगा व अंबाबरवा अभयारण्यांच्या पायथ्याशी असलेल्या शाळा-महाविद्यालयांनी ठरावीक डबक्यांवर पहिल्या पावसानंतरची मोजणी दरवर्षी, न चुकता, सुरू करावी.