पाचशे मीटरच्या आत

दिवेलागणीला दुधात भाकरी कुस्करायची, वाटी ओसरीवर ठेवायची आणि "मनीऽ, मनी" अशी हाक घालायची, हा चौसाळ्यासारख्या गावातल्या कितीतरी घरांचा रोजचा नेम. हाकेसरशी माळवदावरून नाहीतर शेजारच्या पत्र्यावरून धप्पकन उडी पडते. एखाद्या संध्याकाळी ती पडत नाही. वाटी तशीच राहते, कडेने मुंग्या लागतात. लेकरू रडवेलं होतं आणि आजी म्हणते, "येतंय की वापस, जातंय कुठं?"

आजीचं हे म्हणणं अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या डेटन शहराच्या परिसरात, मोजून पाहिलं गेलं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १३८ हरवलेल्या मांजरांची नोंद होती. त्यातली ७३ सापडली आणि त्या ७३ पैकी ४८ आपल्या पायांनी घरी आली. म्हणजे सापडलेल्यांपुरतं आजी बरोबर. पण जवळपास निम्मी मांजरं घरच्यांना पुन्हा दिसलीच नाहीत, आणि हा निम्मा भाग आजीच्या वाक्यात येत नाही.

चौसाळा हे बीड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगररांगेतलं गाव. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर, बीड आणि धाराशिव यांच्या मध्ये वसलेलं. एकेकाळी गावाच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. आसपास ज्वारी, कापूस, सोयाबीन, डोंगरउतारावर सीताफळं. मांजराच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की गावात उंदरांना खाद्य देणारी धान्याची पोती आहेत, लपायला कडब्याच्या गंजी आहेत आणि शेजारून रात्रंदिवस मालमोटारी धावतात.

सगळ्यात उपयोगी माहिती हाती आली ती २०१८ साली. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या पुढाकाराने १,२१० हरवलेल्या मांजरांच्या मालकांकडून प्रश्नावली भरून घेतली गेली. वर्षभरात ६१ टक्के मांजरं सापडली. पहिल्या सात दिवसांत जिवंत हाती लागली ती ३४ टक्के. नव्वद दिवस उलटल्यावर जिवंत सापडलेली फारच थोडी. मालकांनी आपणहून भरून दिलेली ही माहिती असल्याने ती जपूनच वापरावी. पण त्यातला एक आकडा प्रत्येक मांजरवाल्या घराने भिंतीवर खडूने लिहून ठेवावा असा आहे. सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरं निसटल्या जागेपासून पाचशे मीटरच्या आत होती.

पाचशे मीटर म्हणजे किती? वेशीतल्या मारुतीपासून गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंतही ते अंतर होत नाही. ज्या मांजरासाठी घरातली पोरं सायकलवर पार फाट्यापर्यंत जाऊन येतात, ते बहुतेक वेळा चार घरं सोडून कुणाच्या तरी बंद खोलीत बसलेलं असतं. दिवाळीच्या सुमाराला तर हमखास. वेचणीचा कापूस घरातल्या एका खोलीत छतापर्यंत रचलेला असतो. मांजराला त्याच्याइतकी मऊ आणि उबदार जागा दुसरी नाही. ते आत शिरतं, मागून कुणीतरी कडी घालतं आणि घरादाराला वाटतं, मांजर गेलं.

आत अडकलेलं मांजर ओरडत का नाही, असं प्रत्येकजण विचारतो. घाबरलेलं किंवा जखमी मांजर गप्प बसतं, हेच त्याचं उत्तर. मांजर शिकारी आहे तसं कुत्र्याचं, कोल्ह्याचं भक्ष्यही आहे. परक्या जागेत आवाज करणं म्हणजे आपला पत्ता देणं. म्हणून मालकिणीची ओळखीची हाक दहा हातांवरून कानी पडली, तरी ते अंग चोरून, पापणीही न हलवता बसून राहतं. मालकीण हाका मारत पुढे निघून जाते. हरवलेल्या मांजरांच्या गोष्टीतली ही सगळ्यात जिवाला लागणारी जागा आहे.

म्हणून हाकेपेक्षा बॅटरी कामाची. गाव निजल्यावर, गल्लीतली वर्दळ थांबल्यावर बॅटरी आपल्या डोळ्यांशेजारी धरून गंजीच्या बुडात, गव्हाणीमागे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली, पडक्या वाड्याच्या बळदात उजेड टाकायचा. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. तो उजेड परत फेकतो आणि अंधारात दोन हिरवे-पिवळे ठिपके पेटतात. बॅटरी कमरेशी धरली तर ते दिसत नाहीत, नजरेच्या रेषेत धरली तरच दिसतात. दिसल्यावर झडप घालायची नाही. खाली बसायचं, रोजची वाटी पुढे सरकवायची आणि वाट पाहायची. अडचणीत सापडलेलं घरचं मांजरही चावतं. चावलं, ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा. त्यात हयगय नको.

बोक्याची गोष्ट थोडी वेगळी. नसबंदी न झालेला बोका माजावर आलेल्या मांजरीच्या वासावर भटकतो, भांडणं करतो, दोन-चार दिवसांनी फाटका कान घेऊन उगवतो. त्याच्या बाबतीत आजीचं वाक्य जास्त लागू पडतं. पण फिरणं जितकं लांबचं तितकी रस्ता ओलांडायची वेळही जास्त, आणि महामार्गालगतच्या गावात ती वेळ वाईट. बोक्याची नसबंदी करून घेणं म्हणजे त्याच्यावर अन्याय, असं अजून पुष्कळांना वाटतं. तो अन्याय नाही, राखण आहे. एरवी घरचं मांजर मोठं भटकं नसतंच. मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या ९२५ मांजरांच्या गळ्यात जीपीएस यंत्रं बांधून केलेलं संशोधन २०२० साली प्रसिद्ध झालं. बहुतेक मांजरं घरापासून शंभर मीटरच्या आतच वावरत होती.

मग पोत्यात घालून नदीपल्याड सोडलेलं मांजर माघारी येतं, त्या गोष्टींचं काय? मराठी मुलखात अशी गोष्ट नाही असं गाव नसेल. तोंड बांधलेलं पोतं, बैलगाडी, दोन ओढे ओलांडले आणि तिसऱ्या दिवशी मांजर चुलीजवळ. १९२२ साली फ्रान्सिस हेरिक या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने पिल्लं असलेल्या एका मांजरीला झाकून नेऊन काही मैलांवर पुन्हा पुन्हा सोडलं. ती पिल्लांकडे परत येत राहिली. १९५४ साली जर्मनीतल्या कील इथे दोन संशोधकांनी मांजरांना झाकलेल्या पेटीतून दूर नेलं आणि अनेक दारं असलेल्या एका गोलाकार भुलभुलैयात सोडलं. घर पाचेक किलोमीटरच्या आत असेल तर मांजरं घराच्या दिशेच्या दारानेच जास्त वेळा बाहेर पडली. अंतर वाढलं तसा अंदाज चुकू लागला.

हे कसं जमतं, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. वासाच्या खुणा, ओळखीचे आवाज, फिरून पाठ झालेला भाग, एवढं धरता येतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाण मांजराला असावी ही कल्पना मोहक आहे, पण सिद्ध झालेली नाही. आणि तरी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात, डेटोना बीच इथे मालकांपासून पळालेली हॉली नावाची मांजर दोन महिन्यांनी सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या वेस्ट पाम बीचमध्ये, आपल्या घरापासून मैलभरावर सापडलीच. तळवे सोलवटलेले, वजन जवळपास निम्मं झालेलं. कातडीखालच्या मायक्रोचिपमुळे ती तीच, हे नक्की झालं. हॉलीचं नाव जगभर झालं कारण असं सहसा घडत नाही. पोत्यातून सोडलेल्या शंभरांतली जी माघारी येतात त्यांच्याच गोष्टी होतात. उरलेल्यांची गोष्ट सांगायला कुणी नसतं. शिवाय पाळीव जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे पोतं उचलणाऱ्याने लक्षात ठेवावं.

परत येण्याची सगळ्यात सुंदर उदाहरणं मात्र घरच्या मांजरांची नाहीत. ती पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागातल्या उसाच्या फडांतली आहेत. रानमांजर आणि वाघाटी, म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक, उसाच्या गर्द सरीत पिल्लं घालतात. तोडणी सुरू झाली की कोयता अचानक थांबतो. पाचटात मुठीएवढी पिल्लं वळवळत असतात, डोळेही न उघडलेली. आई माणसांच्या चाहुलीने दूर गेलेली. पिल्लं उचलून नेली तर ती कायमची पोरकी होतात. म्हणून वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले पशुवैद्य त्यांची तपासणी करतात, आणि संध्याकाळी सापडल्या जागीच उघड्या खोक्यात ठेवून दूर जाऊन बसतात. अंधार पडल्यावर आई येते, वास घेते, एकेका पिल्लाला मानगुटीला धरून नेते. झाडाला लावलेला कॅमेरा ते टिपतो. इथेही मांजर दूर गेलेलं नसतं. माणसाने जागा न बदलता मागे सरायचं, एवढंच.

या फडांशी बीड जिल्ह्याचं नातं फार जवळचं. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात ती उन्हाळ्यातच माघारी येतात. ट्रॅक्टरमध्ये भांडी, पीठ, कोंबड्या, शेळी, लेकरं, सगळं चढतं. कुत्रं मागे धावतं आणि कधीकधी चढवलंही जातं. मांजर चढत नाही. कुत्रा माणसाचा, मांजर घराचं, असं म्हणतात ते याच वेळी पटतं. घरात म्हातारी राहिली असेल तर त्याला वाटी मिळते. कुलूप लागलं तर ते दुसरं दार शोधतं, आणि चार-सहा महिन्यांनी घर उघडल्यावर "आपलं मांजर हरवलं" असं जे म्हटलं जातं, ते पुष्कळदा तिसऱ्या घरात सुखाने नांदत असतं. निघताना शेजारणीला अर्ध्या भाकरीचं सांगून ठेवलं, तर एवढंही होणार नाही.

शोधताना जिवावर बेतू नये हे मात्र ठासून सांगायला हवं. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडव्याचा दिवस. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाच्या स्लरीसाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला, त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. पाच जणांचा जीव गेला. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण वाचला. अशा खड्ड्यात सडणाऱ्या शेणातून निघणारा विषारी वायू साठतो, प्राणवायू उरत नाही आणि आत गेलेला माणूस काही श्वासांत शुद्ध हरपतो. आत काही पडलं तर उतरू नये, अग्निशमन दलाला बोलवावं. साध्या विहिरीत पडलेल्या मांजरासाठी वरून दोराने टोपली सोडली, तर ते पुष्कळदा स्वतःच तिला नख्या रोवतं.

दिवाळी तोंडावर आली की आणखी एक काळजी. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला त्याच्या चौपट कंपनांचा. सुतळी बॉम्ब वाजला की ते सुचेल त्या फटीत घुसतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मांजर आतल्या खोलीत कोंडून, जुनी गोधडी आणि राखेचं घमेलं देऊन ठेवावं. तरीही निसटलं, तर दुसऱ्या दिवशी पहाटेच आळीतली प्रत्येक कडी काढायला लावावी. शेजाऱ्याला नुसतं "दिसलं का?" विचारलं तर "नाही" असंच उत्तर येतं. "कापसाची खोली उघडता का?" असं विचारावं.

आणि ते सापडलं, किंवा आठ दिवसांनी आपणहून ओसरीवर आलं, तरी घरातलं दुसरं मांजर त्याच्यावर फिस्कारलं तर नवल वाटू देऊ नये. परक्या गोदामाचा, डिझेलचा, पेंडीचा वास अंगाला चिकटलेला असतो. त्याला दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवावं, पाणी आधी द्यावं, दूध-भाकरी थोडी थोडी. ते स्वतःला चाटत राहील, मग दाराच्या चौकटीला गाल घासेल, आणि वाटीशी जाईल.