आधी मोजा, मग कापा : जुन्या बुलेटच्या इंजिनात दडलेले धडे



आमच्या नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर) गाड्यांचं वेड नवं नाही. लष्कराच्या चिलखती दलाचं केंद्र इथलं, रणगाडा संग्रहालय इथलं, आणि १९७२ साली आलेली लुनासुद्धा इथलीच. पण आज लिहायचंय ते जुन्या बुलेटबद्दल. गेल्या उन्हाळ्यात घरची बुलेट उघडली, तेव्हा नववी-दहावीच्या पुस्तकातले निदान चार धडे त्या इंजिनात सापडले.

आधी थोडा इतिहास. रॉयल एनफिल्ड ही मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची कंपनी. सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय सैन्याने पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ३५० सीसी बुलेट मागवल्या. मग १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर ‘एनफिल्ड इंडिया’ ही कंपनी निघाली. सुरुवातीला सुटे भाग तिकडून यायचे, इथे जोडणी व्हायची. पुढे सगळेच भाग इथे बनू लागले. इंग्लंडमधला कारखाना १९७० च्या सुमारास बंद पडला, पण तेच बिडाच्या बॅरलचं एका सिलिंडरचं इंजिन आपल्याकडे थेट २००९-१० पर्यंत चालू राहिलं. म्हणजे एक जुनं ब्रिटिश इंजिन समजून घ्यायला आपल्याला कुठे लांब जायला नको. गल्लीच्या कोपऱ्यावर सापडतं!

पहिला धडा : वृत्तचितीचं घनफळ

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ७० मिमी आणि पिस्टनची धाव ९० मिमी. मुलांना सांगा, त्रिज्या ३.५ सेमी, उंची ९ सेमी, आता घनफळ काढा. २२/७ × ३.५ × ३.५ × ९ = ३४६.५ घन सेमी. ‘३५० सीसी’ म्हणतात ते हेच. सूत्र पाठ होत नाही म्हणणारी मुलंसुद्धा हे उत्तर विसरत नाहीत.

दुसरा धडा : गुणोत्तर

चार स्ट्रोकच्या इंजिनात शोषण, दाब, स्फोट आणि उत्सर्जन या चार क्रियांना क्रँकचे दोन फेरे लागतात. म्हणून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानेच फिरायला हवा. टायमिंगचं झाकण काढलं की दात मोजून हे २:१ गुणोत्तर डोळ्यांनी दिसतं. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर स्फोट होतात ४००, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. बुलेटची ती प्रसिद्ध ‘धक् धक्’ आपल्याला सुटी सुटी ऐकू येते, त्यामागे हे गणित आहे.

तिसरा धडा : प्रसरण

टॅपेट लावायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना. पिस्टन दाबाच्या स्ट्रोकला सर्वांत वर आणायचा आणि पुशरॉड दोन बोटांनी फिरवून बघायचा. तो गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. थंडच का? तर तापल्यावर बॅरल, हेड आणि पुशरॉड सगळेच प्रसरण पावतात, पण सारखे नाही, त्यामुळे फट बदलते. प्रसरणाचा धडा शिकवताना रेल्वेच्या रुळांचं उदाहरण देतोच, सोबत हेही द्या.

चौथा धडा : निदान आणि माझी चूक

आमची गाडी वडिलांची. सहा वर्षं पडवीत उभी होती. वडील आता सत्तरीच्या पुढे. “एकदा तिचा आवाज ऐकव रे,” एवढंच म्हणाले. मी उत्साहाने ऑइलची काडी काढून पाहिली, ऑइल कमी दिसलं, म्हणून वरून ओतलं. गाडी चालू झाली आणि ब्रीदरमधून ऑइलच ऑइल! सायलेन्सरमधून निळा धूर. पोरं हसली.

झालं होतं असं. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच वेगळ्या कप्प्यात असते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ऑइल पंपातून झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं. ऑइल कमी झालेलं नव्हतं, फक्त जागा बदलली होती. अशा वेळी आधी क्रँककेसमधलं ऑइल काढून घ्यायचं आणि मगच मोजायचं. मी वाचन बरोबर घेतलं होतं, अर्थ चुकीचा लावला. प्रयोगवहीत मुलंही हेच करतात ना?

जास्तीचं ऑइल काढल्यावरही थोडा धूर राहिलाच. ओळखीचे दोघे-तिघे म्हणाले, “सर, बोअर करून टाका.” इथे खरा प्रश्न होता. बॅरल आधीच दोनदा बोअर झालेलं. प्रत्येक वेळी आतलं बीड खरवडलं जातं आणि ते परत येत नाही. व्यास ७० चा ७१ मिमी झाला तर घनफळ सुमारे ३५६ सीसी होतं (मुलांना करायला द्या), पण भिंत तेवढी पातळ होते. शेवटी स्लीव्ह घालायची वेळ येते आणि मूळचं बॅरल नावालाच उरतं.

आमचे जुने मिस्त्री मात्र म्हणाले, “आधी मोजू.” बोअर गेज लावून वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, अशी सहा मापं घेतली. माझ्या मुलीने तक्ता केला. झीज वरच्या भागात, रिंगा जिथून परत फिरतात तिथे, थोडी जास्त होती. पण बोअर करण्याइतकी नव्हती. मग मिस्त्रींनी विचारलं, “धूर कधी येतो?” इमामपूर घाट उतरताना, रेस सोडल्यावर येत होता. चढावर जोर लावताना धूर आला तर संशय रिंगांवर. रेस सोडल्यावर आला तर व्हॉल्व्ह गाइडवर, कारण तेव्हा सिलिंडरमध्ये दाब कमी होतो आणि ऑइल गाइडमधून ओढलं जातं.

मग गाइड बदलले आणि व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. हेडच्या पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं. थेंब झिरपला, परत घासले. तिसऱ्यांदा हेड कोरडं राहिलं. बॅरल वाचलं.

घरी जपायचं काय?

ऑइल वेळेवर बदला. आपल्याकडची धूळ लक्षात घेऊन एअर फिल्टर साफ ठेवा. किक मारताना अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे न्या, मग सोडून पूर्ण मारा. नाहीतर उलटी किक नडगीवर बसते. मुलांना हे दाखवताना पायात बूट हवेतच, आणि गरम सायलेन्सरपासून लांब ठेवा.

गाडी चालू झाली तेव्हा वडील पडवीत खुर्चीवर बसले होते. थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, “टॅपेट अजून जरा घट्ट आहे.” दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर तपासला. खरंच होता.

पालकांना एकच विनंती. घरात जुनं इंजिन असेल, बुलेटचं नाहीतर विहिरीवरचं, तर भंगारात देण्याआधी एक रविवार मुलांसोबत उघडून बघा. हातात पाना द्या, पण त्याआधी वही द्या. मोजू द्या, लिहू द्या. कापायचं की नाही ते त्यानंतर ठरवता येतं.